अनुभव धागा: ना विजेचा खांब, ना नळ – सर्वांत कठीण महिन्याचा हिशोब

वीजजोडणी, नळ आणि सिलिंडर यांच्याशिवाय शेतघरात कुटुंबानं राहायचं, तर वर्षाच्या सरासरीवर काहीच मांडता येत नाही. आषाढात ऊन नसतं, वैशाखात विहीर तळ गाठते, पौषात गोबरगॅस मंदावतो. तुम्ही कोणता महिना धरून मापं ठरवलीत? आकडे द्या आणि काय बिघडतं, का बिघडतं तेही लिहा. कोकण, घाट, देश, सगळीकडचं येऊ द्या.

संगमेश्वरकडून, सौर वीज

आमचा कठीण महिना जुलै. ९ वॅटचे पाच दिवे पाच तास म्हणजे २२५ वॅट-तास, ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा दहा तास म्हणजे ३००, फोन चार्जिंगचे ४०. एकूण ५६५. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या (एएच) ट्युब्युलर बॅटरीत १८०० वॅट-तास असतात, पण निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणून हाताशी ९०० धरायचे. पंखा बंद ठेवला की रोजचा खर्च २६५ वर येतो आणि तीन दिवस सूर्य न दिसताही निभतं. बॅटरी वाढवण्याआधी हा हिशोब करा.

४०० वॅटची पॅनलं मार्चमध्ये दिवसाला हजार-बाराशे वॅट-तास सहज देतात. झड लागली की चारशेही कठीण.

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर पूर्ण चार्ज झाल्यावरच भरावं. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना पातळी चढते, आम्ल बाहेर सांडतं आणि टर्मिनल खातं. अपवाद एकच: प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच आधी घालायचं. हायड्रोमीटरनं (आम्लाची घनता दाखवणाऱ्या नळीनं) महिन्यातून एकदा सहाही कप्पे मोजा. पूर्ण चार्जला १.२४०च्या आसपास यायला हवं. एकच कप्पा मागे राहत असेल तर दोष पॅनलमध्ये नाही, त्या कप्प्यात आहे.

पाटणच्या डोंगरातून, वरच्याला जोडून

वायरची जाडी विसरू नका. १२ व्होल्टवर १० अँपिअर, अंतर १० मीटर, तांब्याची ४ चौरस मिलिमीटर वायर: जाऊन-येऊन जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जातो. १० चौरस मिलिमीटरला हाच तोटा ०.४च्या आत राहतो. दिवे मंद जळतात म्हणून लोक बॅटरी बदलतात, आणि चूक वायरीत असते. एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलचं जास्त व्होल्टेज बॅटरीजोगं करून देणारा) असेल तर त्याची व्होल्टेज-मर्यादा पाहून पॅनलं सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडा. व्होल्टेज वाढलं की प्रवाह घटतो आणि तोटाही.

कणकवलीकडून, पाणी

पाऊस तीन हजार मिलिमीटर, तरी एप्रिल-मेमध्ये टंचाई. पाच माणसांना ३०० लिटर आणि दोन जनावरांना ११०, म्हणजे दिवसाला ४१०. साठ दिवसांचे २४,६०० लिटर. ४ मीटर व्यासाची, २ मीटर उंचीची फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट थापलेली) गोल टाकी बरोबर २५ हजारांची होते. ६० चौरस मीटर कौलारू छपरावरून वाया जाणारं धरूनही हंगामात सव्वा लाखाच्या वर पाणी उतरतं, त्यामुळे टाकी भरण्याची चिंता नसते. चिंता असते ती पाणी टिकण्याची.

पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घेऊ नका. ६० चौरस मीटरला निदान ६० लिटर सोडावं लागतं. चार इंची पाइपात मीटरला आठ-नऊ लिटरच मावतात, म्हणून उभा पाइप पुरत नाही. १०० लिटरचा ड्रम लावा आणि तळाला बारीक तोटी उघडी ठेवा, म्हणजे तो आपोआप रिकामा होतो. झाकणातून उजेडाची एक तिरीप आत गेली तरी शेवाळ धरतं. टाकी कधीही पूर्ण कोरडी ठेवू नका, उन्हात बारीक भेगा पडतात. तळाशी थोडं पाणी राहू द्या.

खटावकडून, गोबरगॅस

दोन घनमीटरच्या दीनबंधू (जमिनीखालच्या पक्क्या घुमटाच्या) संयंत्राला रोज ५० किलो शेण लागतं आणि तेवढंच पाणी. बांधलेली चार-पाच जनावरं हवीत. चरायला जाणारी असतील तर त्याहून जास्त, कारण निम्मं शेण रानातच पडतं. पूर्ण गॅस मिळाला तर एक शेगडी चार तास चालते.

थंडीत पाणी सकाळपासून काळ्या ड्रममध्ये उन्हात ठेवा आणि शेण दुपारी कालवा. गार पाणी घातलं की आतले जीवाणू मंदावतात. कडब्याची चिपाडं हातानं वेचून काढा, नाहीतर वर जाड साय धरते आणि गॅस खालीच अडकतो. गोठा फिनेलनं धुतलात तर ते पाणी आत जाऊ देऊ नका. शिळं अन्न एकदम ओतलं की आत आंबटपणा चढतो आणि ज्योत धरत नाही. अशा वेळी चार-सहा दिवस फक्त ताजं शेण घाला.

ज्योत फडफडत असेल तर बहुतेक वेळा पाइपात पाणी साचलेलं असतं. पाइपाला उतार द्या आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवा.

लांज्याकडून, आगोट (पावसाळ्याआधीची बेगमी)

फ्रीज नाही, म्हणून सगळी बेगमी मृगाआधी. भात दोन-तीन कडक उन्हं दाखवून कणगीत भरायचं. दाणा दातांखाली कट्‌कन तुटला पाहिजे, चेपला तर अजून ओल आहे. कडवे वाल चाळलेल्या, पूर्ण गार राखेत थरावर थर ठेवायचे. चुडतं (माडाच्या वाळल्या झावळ्या) आणि सोडणं (नारळाची सालं) पडवीत, जमिनीपासून वीतभर वर, फळ्यांवर. भुईला टेकलेला थर पावसाळ्यात चूल पेटवायच्या कामाचा राहत नाही.

जालन्याकडून

भाजी गार ठेवायला विटांची दुहेरी भिंत, मध्ये तीन इंच वाळू, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. आमच्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात पालेभाजी एकाऐवजी तीन दिवस टिकते. कोकणातल्यांनी जुलैत यावर विटा खर्चू नयेत. हवाच ओली असेल तर बाष्पीभवन होत नाही.

कणकवलीकडून, पुन्हा

राहिलंच: संडासाचे दोन शोषखड्डे, एकेक मीटर व्यासाचे, मध्ये मीटरभर अंतर. एक भरला की दुसऱ्यावर वळवून पहिला दोन वर्षं बंद ठेवा. विहिरीपासून निदान १५ मीटर सांगतात, पण जांभ्याच्या भेगांतून पाणी लांबवर जातं. जागा असेल तर दुप्पट अंतर धरा, आणि तेही विहिरीपेक्षा खालच्या, उताराकडच्या बाजूला.