शॉवर बंद केल्यावरही ठिबकतो. भिंतीतील चावीचा वॉशर स्वतः बदलावा का?

नमस्कार. मला नळकामाचा अनुभव नाही, म्हणून पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमच्या स्नानगृहातील शॉवर दोन्ही चाव्या बंद केल्यावरही ठिबकत राहतो. शॉवरच्या छिद्रांच्या तबकडीत उरलेले पाणी काही मिनिटे गळते, हे समजण्यासारखे आहे. पण रात्री बंद केलेला शॉवर सकाळीही त्याच गतीने ठिबकत असतो. तबकडीच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याचा सल्ला मिळाला होता, परंतु तो मला पटला नाही, कारण जोड कोरडा असून पाणी तबकडीच्या छिद्रांतूनच येते.

दोष कोणत्या चावीत आहे हे पाहण्यासाठी गिझरला पाणी पुरवणारा कॉक बंद केला, तेव्हा थोड्याच वेळात ठिबकणे थांबले आणि तो उघडताच पुन्हा सुरू झाले. त्यावरून गरम पाण्याची चावी बिघडली असावी. ही चावी पूर्ण उघडण्यासाठी बरेच वेढे फिरवावे लागतात, त्यामुळे तिच्यात पाव वेढ्यात उघडणारी सिरॅमिक चकती नसून रबरी वॉशर असेल, असा माझा अंदाज आहे.

मूठ आणि भिंतीवरची फ्लँज (चावीभोवतीची गोल झाकणी) मी काढली; मात्र आतला षट्कोनी पितळी भाग जागचा हलत नाही. जोर लावल्यास भिंतीतील पाइपाचा जोड सैल होईल का? वॉशरचे माप कसे ठरवावे? आणि वॉशर बदलूनही गळती राहिली, तर दोष कोठे शोधावा?

प्रतिसाद:

आपले निदान योग्य वाटते, आणि भीतीही अनाठायी नाही. चावीचे आवरण भिंतीत फिरले, तर गळती भिंतीच्या आत सुरू होते आणि ओल बाहेर दिसेपर्यंत कळत नाही. प्रथम गिझरची वीज व मुख्य व्हॉल्व्ह बंद करून, खालचा एखादा नळ उघडून पाइपातील दाब जाऊ द्यावा. गरम पाण्याची चावी अर्धी उघडी ठेवावी, म्हणजे वॉशर बैठकीवर, म्हणजे तो जिच्यावर टेकतो त्या आतल्या कडेवर, दाबलेला राहत नाही. आट्यांवर गंज सोडवणारे तेल सोडून काही तास थांबावे आणि मग नेमक्या मापाचा रिंग पाना वापरून घड्याळाच्या उलट दिशेने, झटका न देता फिरवावे. सरकत्या जबड्याच्या पान्याने पितळेचे कोपरे झिजतात. आवरण सोबत फिरू लागल्याची शंका आली, तर तेथेच थांबून प्लंबरला बोलवावे. येथे हट्ट महागात पडतो.

माप घेत बसण्यापेक्षा सुटा झालेला पूर्ण स्पिंडलच (षट्कोनी भागासह बाहेर येणारा चावीचा दांडा) दुकानात नेऊन वॉशर आणि ओ-रिंग (दांड्याभोवतीचे रबरी कडे) जुळवून घ्यावी. वॉशर जिच्यावर टेकतो, ती आतली पितळी कड बॅटरीच्या उजेडात पाहावी. तिच्यावर चरे किंवा खड्डे असतील, तर नवा वॉशरही लवकरच कापला जाईल. ती कड घासून सपाट करण्याचे हत्यार वेगळे असते आणि ते काम अनुभवी हातांचेच आहे.

सर्व जोडल्यावर मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा, आणि षट्कोनी भागाभोवती पाणी झिरपत नसल्याची खात्री झाल्यावरच फ्लँज बसवावी.