बहाव्याच्या बियांचे बीजगोळे: बी आधी घासून घ्यावे का? मदत हवी आहे

नमस्कार. मुलुंडमध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आमची सोसायटी आहे आणि तिच्या मागचा, सोसायटीच्याच मालकीचा मुरमाड उतार येत्या पावसाळ्यात देशी झाडांच्या बीजगोळ्यांनी हिरवा करायचा, असे आम्ही ठरवले आहे. उद्यानाच्या हद्दीत काहीही टाकणार नाही. गुलमोहर आणि सुबाभूळ ही बाहेरून आलेली झाडे असल्याने यादीतून वगळली असून बहावा, करंज, खैर आणि आपटा हीच झाडे घेतली आहेत.

जपानचे शेतकरी मासानोबू फुकुओका यांच्यामुळे जगभर पोहोचलेल्या या पद्धतीत चिकणमातीचे कवच बियांना मुंग्या, उंदीर आणि पाखरांपासून वाचवते आणि चांगला पाऊस मुरेपर्यंत बी आत सुरक्षित राहते. माझी अडचण नेमकी इथेच आहे. बहाव्याची शेंग फोडली की आतल्या चकत्यांच्या कप्प्यांत, काळ्या चिकट गरात रुतलेले एकेक चपटे, गुळगुळीत बी निघते. त्याचे कवच इतके टणक असते की ते न घासता गोळ्यात घातले, तर पावसाळा सरेपर्यंतही बरेचसे बी तसेच पडून राहण्याची शक्यता आहे. उलट पॉलिश पेपरवर घासून किंवा गरम पाण्यात भिजवून घातले, तर ते ओल्या मातीतलेच पाणी शोषून फुगेल आणि गोळे सावलीत वाळताना आतला कोंब मरेल, अशी भीती वाटते. हा पेच आपण कसा सोडवता? बी घासून, पण कोरडेच ठेवून, माती जेमतेम ओलसर घेऊन गोळे वळले तर चालेल का?

जांभळाचे बी वाळले की उगवण्याची क्षमता लवकर गमावते, म्हणून ते गोळ्यांत न घालता ताजेच जमिनीत टोचावे, असे माझे मत आहे.

धारावीच्या कुंभारवाड्यातून चिकणमाती मिळू शकेल. तीन भाग माती आणि एक भाग गांडूळखत हे प्रमाण मुरमाड जमिनीसाठी योग्य आहे का? जुलैत गवत आणि टाकळा कमरेएवढा वाढतो, त्यात कोवळी रोपे गुदमरू नयेत म्हणून गोळे नुसते फेकण्याऐवजी उकरलेल्या आळ्यांत ठेवावेत, असे मला वाटते. मुंबईत मोसमी पाऊस साधारणपणे ११ जूनच्या सुमारास येतो, त्यामुळे मेअखेरीस गोळे वाळून तयार हवेत. ज्यांनी कोकणपट्टीतल्या उतारावर हे काम केले आहे, त्यांनी विशेषतः बहाव्याविषयी कृपया सविस्तर लिहावे.