पेनी स्टॉक नक्की कशाला म्हणायचं? वडिलांचे २०,००० शेअर अडकलेत

अभि_लातूर:
नमस्कार. वडील निवृत्त झाल्यावर शेअरबाजारात उतरलेत. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपात टीप आली म्हणून त्यांनी एका कंपनीचे २०,००० शेअर १.८०ला घेतले, म्हणजे ३६,००० रुपये गेले. त्यांचं म्हणणं, "पावणेदोन रुपयांचा शेअर, पडून पडून पडणार किती?" दुसऱ्या दिवसापासून सलग सहा दिवस लोअर सर्किट लागतोय, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जितका पडू देतात तितका पडून तिथेच अडकतो. आज भाव १.३४. विकायला टाकलं तर ऑर्डर नुसती पडून राहते. मित्र म्हणतो हा पेनी स्टॉक आहे. पण मग येस बँकेचा शेअरही कित्येक वर्षं स्वस्तच आहे, त्यालाही पेनी म्हणायचं का? किती रुपयांखाली पेनी, असा काही नियम आहे का?

रोजचा_ट्रेडर:
सरळ हिशोब, १० रुपयांच्या आत असेल तो पेनी. अमेरिकेत ५ डॉलरच्या आतला धरतात.

सांगलीची_मावशी:
अभि, मी सांगलीत एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात वीस वर्षं डीलिंगच्या टेबलावर होते. १० रुपयांचा आकडा आमच्याकडेही तोंडी चालायचा, पण सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, अशी कुठलीही रेषा आखलेली नाही. अमेरिकेतली ५ डॉलरची व्याख्या तिथल्या नियमातली आहे. ती रुपयांत आणली तर आपले अर्धेअधिक शेअर पेनी ठरतील. पेनी म्हणजे इंग्रजांचं चिल्लर नाणं. आमच्या टेबलावर अशा शेअरला 'चिल्लर' म्हणायचे, आणि मला तोच शब्द जास्त खरा वाटतो.

नुसत्या भावावरून काही कळत नाही. भावाला एकूण शेअरच्या संख्येने गुणायचं. येस बँकेचे शेअर ३,००० कोटींच्या वर आहेत. वीस रुपये भाव धरला तरी कंपनीची किंमत ६०,००० कोटींच्या पुढे जाते, आणि रोज कोट्यवधी शेअरची उलाढाल होते. विकायला गेलात तर घेणारा समोर उभा असतो. तो स्वस्त दिसणारा शेअर आहे, चिल्लर नाही.

चिल्लर शेअर ओळखायचा तो घेणाऱ्यावरून. आता तुमच्या ॲपमध्ये त्या शेअरची मार्केट डेप्थ उघडा. डावीकडे खरेदीचे पाच भाव, उजवीकडे विक्रीचे. माझा अंदाज, डावीकडे सगळी शून्यं असतील आणि उजवीकडे १.३४वर लाखो शेअर एकाच ओळीत. वडील विचारतात पडणार किती? पाच टक्क्यांचं सर्किट असेल तर सलग चौदा लोअरमध्ये पैसे निम्म्याखाली येतात. शेअर दोन रुपयांचा असो की दोन हजारांचा, टक्का तोच.

एक आठवण सांगते. ७ ऑगस्ट २०१७ला सेबीने ३३१ संशयित शेल, म्हणजे नुसत्या कागदावरच्या, कंपन्यांची यादी बाजारांना पाठवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे व्यवहार महिन्यातून एकदाच, पहिल्या सोमवारी. पुढे काही कंपन्यांनी अपिलात जाऊन स्थगिती आणली, सगळ्याच काही खोट्या नव्हत्या. पण आमचे एक ग्राहक, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका, यादीतल्याच एका चिल्लर शेअरमध्ये फंडाचे पैसे घालून बसले होते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते नऊच्या आत येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचे. मी विक्रीची ऑर्डर टाकायची, मग दोघं मिळून डावीकडच्या शून्याकडे बघत राहायचो. साडेतीनला ते छत्री उचलून निघायचे. चार महिने हे चाललं. मला अजून तो स्टूल दिसतो.

त्यांनी घेताना मी अडवायला हवं होतं. नाही अडवलं, म्हणून हे एवढं लिहितेय.

अभि_लातूर:
मावशी, डेप्थ उघडली. डावीकडे खरंच सगळी शून्यं, उजवीकडे ४१ लाख शेअर. कंपनीचे एकूण शेअर २१० कोटी, गेल्या वर्षाचा नफा ४२ लाख. प्रवर्तकांकडे फक्त ११ टक्के.

सांगलीची_मावशी:
मग गुणाकार करून वडिलांना दाखवा. २१० कोटी गुणिले १.३४ म्हणजे साधारण २८१ कोटी. ४२ लाख नफा मिळवणाऱ्या कंपनीला बाजार २८१ कोटी लावतोय, नफ्याच्या ६७० पट! ज्याला ते पावणेदोन रुपयांचा स्वस्त शेअर म्हणत होते, तो अतिशय महाग घेतलाय. ऑपरेटर आधी आपसात घेऊन-विकून भाव चढवतात, मग ग्रुपात टीप सोडतात, आणि आपण घेतो तेव्हा समोर विकणारे तेच असतात.

बीएसईच्या साइटवर शेअर जीएसएमच्या, म्हणजे खास देखरेखीखालच्या शेअरच्या, यादीत आहे का तेही बघा. वरच्या टप्प्यात गेला तर आठवड्यातून एकदाच, सोमवारी व्यवहार होतो.

रोजचा_ट्रेडर:
पण मावशी, एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचं काय? ऑक्टोबर २०२४मध्ये ३.५३वरून एका दिवसात २,३६,२५० झाला. चिल्लरमधूनच सोनं निघतं.

सांगलीची_मावशी:
तो कधीच चिल्लर नव्हता. त्या कंपनीकडे एशियन पेंट्सचे हजारो कोटींचे शेअर होते, हे ज्याच्याकडे एल्सिड होता त्याला ठाऊक होतं. म्हणून ३.५३ला कोणी विकतच नव्हतं. खास लिलाव घेतला तेव्हा खरा भाव पुढे आला. अभिच्या कंपनीत विकायला ४१ लाख शेअर आहेत आणि घेणारा नाही. दोन्हीकडे भाव छोटा, पण एकात विक्रेता नाही आणि दुसऱ्यात खरेदीदार नाही. 'पुढचा एल्सिड' म्हणून जे खपवतात त्यांना हा प्रश्न विचारा.

अभि, आता काय करायचं ते ऐका. लोअरला सगळ्यांचा विक्रीभाव एकच, त्यामुळे रांगेत जो आधी त्याचा नंबर आधी. म्हणून रात्रीच आफ्टर मार्केट ऑर्डर टाका, उद्याच्या लोअर भावाला. खरेदीची सरासरी खाली आणायला म्हणून आणखी घेऊ देऊ नका. विकताना डीपीचं, म्हणजे डीमॅट खातं सांभाळणाऱ्याचं, शुल्क दिवसाला दर कंपनीमागे एकदाच लागतं, शेअर कितीही असोत. तोट्यात विकलं तर रिटर्न मुदतीत भरा, तोटा पुढच्या भांडवली नफ्यातून वजा करायला आठ वर्षं पुढे ओढता येतो. ग्रुपचे स्क्रीनशॉट ठेवा आणि सेबीच्या पोर्टलवर कळवा. आणि वडिलांना रागावू नका, शेजारी बसा.

अभि_लातूर:
आज भाव १.२८. रात्री दोघांनी मिळून ऑर्डर टाकली होती. सव्वाअकराला डावीकडे पहिल्यांदा आकडा दिसला. आमचे १,२०० गेले, मग परत शून्य. वडिलांनी वहीत लिहून ठेवलं, 'उरले १८,८००'. आज रात्री परत टाकतोय.