वाळवंटी सराव क्षेत्राचा नकाशा: वाळूवर कंटूर नीट येत नाहीत

रेतीमाप
लष्करी सराव क्षेत्र, निम्म्यात वाळूच्या टेकड्या, निम्म्यात खडकाळ पठार. १:२५,००० नकाशा, कंटूर (समान उंचीच्या रेषा) दर ५ मीटर उंचीला. ड्रोनच्या फोटोंवरून केलेल्या जमिनीच्या त्रिमितीय मॉडेलला वाळूत भोकं पडतात, पठार मधोमध फुगतं. नियंत्रण बिंदूंच्या (जमिनीवर अचूक मोजलेल्या, फोटोत दिसणाऱ्या खुणांच्या) पाट्याही वाळूखाली जातात. कुठे चुकतंय?

लंबक
दोन वेगळे दोष आहेत. भर दुपारी वाळू सपाट पांढरी दिसते, मग दोन फोटोंतला तोच ठिपका सॉफ्टवेअरला सापडणार कसा? सूर्य क्षितिजापासून ३०-४० अंशांवर असताना उडवा. वाळूवरच्या लहरींना बारीक सावली येते, जुळणी तिच्यावरच होते. सूर्य फार खाली गेला की मात्र अख्खा उतार काळा पडतो. ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या फोटोंत सामाईक येणारा भाग, पुढे ८०, बाजूला ७० टक्के. एक्स्पोजर हाताने लावा, जरा कमीच.

पठाराचा फुगवटा लेन्सच्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे लेन्सची वक्रता सॉफ्टवेअरने चुकीची धरल्याचा. सगळे फोटो सरळ खाली बघून, एकाच उंचीवरून घेतले की हे हमखास होतं. २०-३० अंश तिरके फोटो आणि थोड्या वेगळ्या उंचीवरून उड्डाणाच्या काही आडव्या पट्ट्या घाला. नियंत्रण बिंदू मध्यभागीही हवेत, नुसते कडेला नकोत.

आडवी_तार
पाट्या वाळूवर ठेवताच कशाला? टेकड्यांमधली खडीची सपाटी शोधा, नाहीतर उघड्या खडकावर रंगाने मीटरभराची फुली मारा. गोळे पडणाऱ्या पट्ट्यात बॉम्बनाशक पथकाने जागा तपासल्याशिवाय खुंटी ठोकू नका. वाळू सरकली की न फुटलेले गोळे वर येतात, त्यामुळे पूर्वी साफ केलेली जागा आजही साफच असेल असं धरता येत नाही.

तपासणीला ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावणार असाल तर स्टाफ (आकडे असलेली उभी पट्टी) ३० मीटरच्या आत ठेवा आणि अर्ध्या मीटरखालचं रीडिंग घेऊ नका. तापलेल्या जमिनीलगत दृष्टिरेषा वाकते.

जीपीएसची उंची
एक राहिलं: जीपीएसची उंची लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नाही. जिओइड मॉडेल (या दोन्हींतला फरक सांगणारं) न लावता कंटूर काढले तर फरक कित्येक मीटरांचा पडू शकतो.

कंटूरकार
मॉडेल सुधारलं तरी टेकड्या थांबत नाहीत. चंद्रकोरी टेकडी वर्षाला १० मीटर सरकली तर अडीच वर्षांत या नकाशावर १ मिलिमीटरची चूक झाली. तिचा वाऱ्याआडचा उतार साधारण ३३ अंशांचा, म्हणजे ५ मीटरचे कंटूर कागदावर ०.३ मिलिमीटर अंतराने येतात. छपाईत नुसता तपकिरी डाग दिसतो. तिथे दर २५ मीटर उंचीची जाड रेष तेवढी ठेवा. सरकत्या वाळूवर तुटक रेषा, उंचीचे आकडे फक्त खडकावर, आणि समासात उड्डाणाची तारीख. रणगाड्यांच्या चाकोऱ्या रस्ता म्हणून काढू नका, पुढच्या सरावात त्या नसतील.