२०१२ ची केस, भाऊ निर्दोष सुटला पण निकालाची कॉपीच नाही. कोर्टातून कशी काढायची?

घणसोलीची_माई

नमस्कार मंडळी, जरा घाईत टाइप करतेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ आधी टेम्पो चालवायचा. २०१२ ला कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाडी लावण्यावरून मारामारी झाली, समोरच्याला टाके पडले आणि ह्याच्यासकट तिघांवर गुन्हा दाखल झाला. भादंविचं ३२४ (धोकादायक हत्याराने दुखापत) आणि ३४ (सगळ्यांनी मिळून केलं असं दाखवणारं) लागलं होतं एवढं आठवतंय, अजून एखादं कलम असेलही. केस रेंगाळत रेंगाळत चालली, २०१७ ला तिघेही निर्दोष सुटले, घरी पेढे आले आणि आम्ही सगळे तो विषय विसरून गेलो.

आता तो एका महामंडळात चालक म्हणून सिलेक्ट झालाय आणि त्यांच्या साक्षांकन फॉर्ममध्ये विचारलंय की कधी अटक झाली होती का, खटला चालला होता का, चालला असेल तर निकाल काय आणि कॉपी जोडा. कॉपी आमच्याकडे नाही. वकीलसाहेब प्रॅक्टिस बंद करून गावी गेले, आणि आम्ही कोपरखैरण्याहून इकडे शिफ्ट झालो तेव्हा कागदांची पिशवी कुठे गेली देव जाणे. हाताशी फक्त जामिनाच्या वेळचा एक कागद आहे, त्यावर कळंबोली पोलीस ठाणे आणि गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे एफआयआर नंबर) दिसतोय.

ई-कोर्ट्सवर (केस शोधायची कोर्टाची सरकारी साईट) ठाणे जिल्हा टाकून, मग बेलापूरचं कोर्ट निवडून भावाच्या नावाने शोधलं, काहीच येत नाही. एवढी जुनी केस पुसून टाकतात का? शेजारचे काका म्हणतात सुटलाय ना, मग "नाही" लिहून मोकळे व्हा. आणि कोर्टाबाहेर एकजण भेटला तो म्हणतो पैसे द्या, आरटीआय टाकून सगळी फाईल काढून देतो. काय करू?

रबाळे_नाका

माई, काकांचं बरोबर वाटतंय मला तरी. निर्दोष म्हणजे निर्दोष, केस झालीच नाही असं धरायचं. आमच्या ऑफिसात एकाने असंच लिहिलं, काही झालं नाही.

खाडीपलीकडचा

वर रबाळे_नाका म्हणतायत ते अजिबात ऐकू नका. प्रायव्हेट ऑफिस वेगळं आणि सरकारी साक्षांकन वेगळं. फॉर्ममध्ये "शिक्षा झाली का" एवढंच विचारलं असतं तर गोष्ट निराळी होती, इथे "खटला चालला होता का" असं विचारलंय, त्याचं खरं उत्तर "हो" असंच आहे. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल याच विषयावर आहे. थोडक्यात असं की विचारलेली माहिती लपवली तर त्या लपवण्यावरूनच नोकरी जाऊ शकते, आणि खरं सांगितलं तर गुन्हा कसला होता, निकाल काय लागला, नोकरी कसली आहे हे बघून ते ठरवतात. खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच असं नाही, पण पार्किंगच्या भांडणात निर्दोष सुटलेल्या माणसाने लपवायचं कशाला? पोलीस व्हेरिफिकेशनला तो गु.र.नं. वर येणारच आहे. तेव्हा "हो" लिहा, खाली निर्दोष सुटल्याची तारीख लिहा आणि निकाल जोडा.

कॉपी कशी काढायची ते कोर्टात रोज बसणारं कोणीतरी सांगेल.

नक्कल_अर्ज

मी वकील नाही, वकिलाकडे क्लार्क आहे, दिवस नक्कल विभागाच्या (कोर्टाच्या कागदांच्या कॉपी देणारा विभाग) खिडकीवरच जातो म्हणून सांगतो.

ताई, तुम्ही शोधताय ते चुकीच्या जिल्ह्यात. पुसून वगैरे काही टाकलेलं नाही. नवी मुंबई पोलिसांची हद्द दोन जिल्ह्यांत पसरलीय. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो, म्हणजे रबाळे, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, नेरूळ, सीबीडी ही पोलीस ठाणी. त्यांच्या मॅजिस्ट्रेटकडच्या केसेस "वाशी कोर्टात" जातात (नाव वाशीचं आणि कोर्ट बेलापूरला, नवीन माणूस हमखास वाशी स्टेशनला उतरतो). पण खारघर, कामोठे, कळंबोली, खांदेश्वर, पनवेल, तळोजा हे सगळं रायगड जिल्हा. पोलीस आयुक्त नवी मुंबईचे असले तरी तिकडची केस पनवेल कोर्टात चालते आणि ई-कोर्ट्सवर ती रायगड जिल्ह्याखाली दिसते. ठाणे निवडून वर्षभर शोधलंत तरी सापडायची नाही. कोणतंही रेकॉर्ड शोधताना माणूस कुठे राहतो ते सोडा, गुन्हा कुठल्या पोलीस ठाण्यात नोंदला ते बघा आणि ते ठाणं कुठल्या कोर्टाखाली येतं ते बघा. भांडण लोकलमध्ये किंवा प्लॅटफॉर्मवर झालेलं असेल तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे असतो, ते ठाणं निराळं.

दुसरं, नावाने शोधू नका. तिथे स्पेलिंग इंग्रजीत आणि ज्याने एन्ट्री केली त्याच्या मर्जीचं. सावंतला कोणी डब्ल्यू टाकतो कोणी व्ही, आडनाव पुढे की मागे तेही नक्की नाही, आणि रायगडात "पाटील" टाकून शोधलंत तर अर्धा तालुका समोर येईल. शिवाय तिघे आरोपी असले की कधी कधी यादीत पहिल्याचंच नाव दिसतं, बाकीचे "इतर" मध्ये. तुमच्याकडे गु.र.नं. आहे हे सोन्याहून पिवळं. केस स्टेटसमध्ये एफआयआर नंबरने शोधायची सोय आहे. महाराष्ट्र, रायगड, पनवेल निवडा, पोलीस ठाण्याच्या यादीतून कळंबोली, मग नंबर, वर्ष २०१२, आणि खाली "डिस्पोज्ड" वर टिक करा. पेंडिंगवर ठेवलं तर निकाली केस दिसणारच नाही, निम्मे लोक तिथेच अडकतात.

सापडली की दोन गोष्टी उतरवून घ्या. एक सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख नंबर, सोळा अक्षरी असतो, महाराष्ट्राचा एमएच ने सुरू होतो. दुसरं केसचा प्रकार आणि नंबर. ३२४ ची पोलीस केस मॅजिस्ट्रेटकडे आरसीसी म्हणून नोंदलेली असते, म्हणजे रेग्युलर क्रिमिनल केस. एससीसी म्हणजे समरी, त्यात चेक बाउन्स वगैरे येतात. निकालाची तारीखही तिथेच मिळेल. निकालाची पीडीएफ चढवलेली असली तर उतरवून वाचून घ्या, पण ती जोडून भागणार नाही, फॉर्मला प्रमाणित प्रत लागते, शिक्क्याची.

मग पनवेल कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज. कोर्टाचं नाव, आरसीसी नंबर, दोन्ही पक्षांची नावं, निकालाची तारीख, काय पाहिजे (फक्त "निकालपत्र" लिहा, अख्खी फाईल मागू नका, पानामागे पैसे लागतात आणि वेळ जातो), कशासाठी पाहिजे, आणि कोर्ट फी तिकीट. अर्ज भावाच्या सहीने करा, तो आरोपी होता म्हणजे तो त्या केसचा पक्षकार, त्याला कोणी "तुम्ही कोण" असं विचारणार नाही. तो ड्युटीवर असेल तर वकीलपत्र देऊन वकिलामार्फत करा. २०१७ चा निकाल म्हणजे फाईल कोर्टात नसेल, रेकॉर्ड रूमला गेलेली असेल, तिथून मागवायला वेळ लागतो. म्हणून अर्जाची पोच घ्या आणि तोपर्यंत महामंडळाला त्या पोचेची झेरॉक्स लावून मुदत मागा, सहसा देतात.

आरटीआयवाल्याला लांबूनच नमस्कार. कोर्टाच्या फाईलमधल्या कागदांच्या नकला कोर्टाच्या नियमांप्रमाणेच काढायच्या, त्याला आरटीआय चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. तो माणूस तुमच्याकडून पैसे घेऊन हाच नक्कल अर्ज टाकणार.

खाडीपलीकडचा

+१. आणि ई-कोर्ट्सचं ॲप किंवा गव्ह डॉट इन वालीच साईट वापरा. तिथे शोधायला एक पैसा लागत नाही. पैसे मागणाऱ्या तसल्याच दिसणाऱ्या साईट्स बऱ्याच आहेत.

घणसोलीची_माई

अहो सापडली!! रायगड, पनवेल, एफआयआर नंबर, डिस्पोज्ड, आणि आली समोर. आरसीसी नंबर, सीएनआर, निकालाची तारीख, सगळं आहे. नावाने का येत नव्हती तेही कळलं, भावाच्या नावात एक ए जास्तीचा आहे आणि यादीत दुसऱ्याच आरोपीचं नाव पुढे आहे. निकालाची पीडीएफ मात्र नाही, लिंकच दिसत नाही. दादा, पीडीएफ नाही म्हणजे रेकॉर्डच नसेल असं तर नाही ना? आणि निकालपत्रात पण ते चुकीचं स्पेलिंग असलं तर महामंडळवाले अडवतील का?

नक्कल_अर्ज

नाही हो, पीडीएफ चढवलेली नसणं आणि फाईल नसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. अर्ज टाका बिनधास्त. क्रिमिनल फाईलमधले काही कागद ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात हे खरंय, पण निकालपत्राचं तसं पटकन होत नाही. समजा नसेलच तर "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असा शेरा अर्जावर लेखी मागून घ्या, आणि रजिस्टरमध्ये केसची नोंद असेल तर त्या नोंदीची नक्कल मागा. तोंडी "नाहीये" ऐकून परत येऊ नका.

स्पेलिंगचं टेन्शन घेऊ नका. पनवेलच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात निकाल मराठीतही असतात, तसा असला तर इंग्रजी स्पेलिंगचा प्रश्नच मिटला. नसला तर वडिलांचं नाव, वय, पत्ता जुळतो की नाही हे बघतात, त्याला लागलं तर एक प्रतिज्ञापत्र जोडता येतं.

आणखी एक काम, जे लोक विसरतात आणि मग व्हेरिफिकेशनला बोंबलतात. कोर्टाने सोडलं म्हणून पोलिसांच्या कॉम्प्युटरमध्ये आपोआप "निर्दोष" झालंच असेल असं समजू नका. नक्कल हातात आली की तिची एक झेरॉक्स घेऊन कळंबोली पोलीस ठाण्यात अर्ज द्या की ह्या गु.र.नं. मध्ये अमुक तारखेला निर्दोष मुक्तता झालीय, नोंद अद्ययावत करावी. त्याचीही पोच घ्या.

मुंब्रा_बायपास

धाग्यात घुसतोय, माफी. माझं जरा वेगळं. एफआयआर झाला होता, पण एफआयआर नंबरने शोधलं तरी कोर्टात केसच दिसत नाही, पेंडिंग नाही, डिस्पोज्ड नाही. ठाणे जिल्हाच आहे, खात्री केलीय. मग गेली कुठे?

नक्कल_अर्ज

दोन-तीन शक्यता. चार्जशीट अजून गेलेलंच नाही, किंवा पोलिसांनी समरी पाठवलीय (ही वरच्या एससीसीतली समरी नव्हे, तपास बंद करायचा अहवाल). ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही, बी म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी, सी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचं प्रकरण. समरी कोर्टाने मंजूर केली असेल तर त्या आदेशाची नक्कल काढायची, तोच तुमचा पुरावा. पोलीस ठाण्यात कोर्टाच्या कामाचा वेगळा अंमलदार असतो, त्याला विचारा समरी कधी आणि कुठल्या मॅजिस्ट्रेटकडे पाठवली, त्याच्या वहीत असतं. आणि हायकोर्टाने एफआयआर रद्द केला असेल तर तो आदेश मुंबई हायकोर्टाच्या साईटवर, जिल्हा कोर्टाच्या नाही.

लेकीची_आई_ठाणे

इथे सगळे जाणकार दिसताहेत म्हणून विचारते. मुलीसाठी डोंबिवलीचं स्थळ आलंय, मुलगा चांगला आहे पण कानावर आलं की त्याच्यावर काहीतरी केस होती. त्याला न विचारता कोर्टातून कागद काढता येतील का?

खाडीपलीकडचा

काकू, ई-कोर्ट्सवर नावाने शोधायला कोणाची परवानगी लागत नाही, डोंबिवलीच्या केसेस साधारण कल्याण कोर्टात सापडतील. पण त्याच नावाचा दुसरा कोणी निघाला तर चांगलं स्थळ उगाच मोडेल. नाव, वडिलांचं नाव, वय सगळं जुळल्याशिवाय काही धरून चालू नका. पत्नीने किंवा लहान मुलांच्या बाबतीत केलेल्या केसेसमध्ये नावंच झाकलेली असू शकतात, म्हणजे काही दिसलं नाही तरी खात्री नाही.

एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर बघता येतात, २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर ते चढवतात, पण लैंगिक गुन्हे, पॉक्सो असले संवेदनशील वगळून. चार्जशीट मात्र कोणालाही मिळत नाही, ते सार्वजनिक कागदपत्र नाही असं कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय.

नक्कल_अर्ज

आणि नक्कल अर्ज तिऱ्हाइताने केला तर कारण द्यावं लागतं, प्रतिज्ञापत्र लागतं आणि परवानगी द्यायची की नाही हे न्यायाधीश ठरवतात. "स्थळ बघतोय" ह्यावर काय शेरा पडेल मला सांगता येणार नाही 😄 काकू, सरळ मुलाकडच्यांना सांगा की असं कानावर आलंय, चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून आणाल का? तो ज्याचा त्यालाच काढता येतो, ऑनलाइन अर्ज होतो. काढायला का-कू करायला लागले तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

लेकीची_आई_ठाणे

तसं विचारलं तर ते चिडणार नाहीत का हो?

रबाळे_नाका

चिडू देत की काकू, लग्नाआधी चिडलेलं परवडतं.

घणसोलीची_माई

अपडेट देते. भावाने आज पनवेलला अर्ज टाकला. फाईल रेकॉर्ड रूमलाच गेलीय, मागवतो म्हणाले, तारीख दिलीय. पोच घेतली, तिची झेरॉक्स लावून महामंडळाकडे मुदतीचं पत्रही दिलं, त्यांनी स्वीकारलं. फॉर्ममध्ये "हो" लिहिलंय. एकच शंका राहिली, बाकीच्या दोघांना पण अशीच कॉपी हवीय, त्यांना वेगवेगळा अर्ज करायला लागेल का एकाच अर्जात तीन प्रती मागता येतील?

नक्कल_अर्ज

मागता येतात, पण वेगळे करा. एकाच अर्जावर तीन प्रती मागितल्या की त्या अर्जदाराच्या हातात पडतात, मग बाकीचे दोघं तुमच्या भावाच्या मागे. प्रत्येकाने आपल्या सहीचा अर्ज आणि आपलं तिकीट. फाईल रेकॉर्ड रूममधून वर येतेय तोवरच त्यांनी टाकावा, एकदा परत खाली गेली की पुन्हा मागवायचा वेळ लागेल.