मदत हवी आहे: अमेरिकेला व्हिएतनामशी व्यापार चालतो, मग क्यूबाशीच का नाही?

नमस्कार मंडळी,

मी बारावीला इतिहास शिकवते. शीतयुद्ध शिकवताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे ५८ हजार सैनिक मारले गेले, तरी १९९४ मध्ये तिथली व्यापारबंदी उठली. क्यूबावरच अजून एवढा राग का?" "उद्या सांगते" म्हटलं, त्याला आता आठवडा होईल.

सुरुवात कशी झाली ते वाचून नीट कळलं. जून १९६० मध्ये क्यूबाने रशियाचं कच्चं तेल आणलं. टेक्साको, एस्सो आणि शेल या परदेशी तेल कंपन्यांच्या तिथल्या रिफायनऱ्यांनी ते शुद्ध करायला नकार दिला, तेव्हा क्यूबाचे नेते कास्त्रो यांनी त्या ताब्यात घेतल्या. जुलैमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी क्यूबाकडून घ्यायच्या साखरेचा कोटा कापला. अख्खा देश उसावर जगणारा. त्याचा अर्थ आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. कास्त्रोंनी मग अमेरिकन मालकीचे साखर कारखानेही घेतले. ऑक्टोबरमध्ये अन्न आणि औषधं वगळता अमेरिकेची निर्यात थांबली आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये पुढचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी जवळजवळ सगळाच व्यापार बंद केला. रशियाने क्यूबात क्षेपणास्त्रं ठेवल्याचा पेच त्यानंतर, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधला. मी मात्र इतकी वर्षं क्षेपणास्त्रांमुळेच व्यापार तुटला असं शिकवत आले, याचं फार वाईट वाटतंय.

माझा मावसभाऊ मर्चंट नेव्हीत आहे. त्याने सांगितलं, व्यापारासाठी क्यूबाच्या बंदराला लागलेलं जहाज पुढचे १८० दिवस अमेरिकेत माल चढवू-उतरवू शकत नाही. हा १९९२ चा कायदा. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या टोकापासून जेमतेम १५० किलोमीटरवरचं बेट, आणि तिथे तांदूळ येतो तो व्हिएतनामहून! हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

आता माझी खरी अडचण. जप्त केलेल्या अमेरिकन मालमत्तेच्या भरपाईचा हिशेब चीनने १९७९ मध्ये मिटवला, व्हिएतनामने १९९५ मध्ये. क्यूबाचे ५,९०० च्या वर दावे तसेच पडून आहेत. शिवाय १९९६ च्या कायद्यामुळे आता अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या एकट्याच्या हातात बंदी उठवणं उरलेलं नाही, त्याला काँग्रेस, म्हणजे तिथली संसदच लागते. तिसरं कारण सांगतात ते फ्लोरिडातल्या, बंदी हवी असलेल्या क्यूबन मतदारांचं. मला स्वतःला भरपाईचा मुद्दा सगळ्यात जड वाटतो, पण मग तो साठ वर्षांत मिटला का नाही?

फ्लोरिडात राहणारे कुणी इथे असाल तर तिथल्या क्यूबन कुटुंबांत या बंदीबद्दल काय बोलतात, ते जरूर लिहा. आणि भरपाईच्या वाटाघाटी कुठे अडल्या हे कुणी अभ्यासलं असेल तर सविस्तर सांगा. सोमवारी त्याच वर्गावर तास आहे.