नुसत्या स्कॅनवर थांबू नका

फोंड्याच्या काकांच्या पीसीवर भोंगा वाजवणारे खोटे इशारे आले आणि एका भामट्याने त्यांच्याकडून एक ॲप घालून घेऊन पीसीचा ताबा मिळवला. नंतर तो पीसी अँटिव्हायरसने स्कॅन केला, काही सापडलं नाही, म्हणजे झालं, असं तुमचं म्हणणं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. त्या भामट्याने काकांकडून जे ॲप घालून घेतलं ते व्हायरस नाहीच. दुरून कॉम्प्युटर हाताळायचं ते साधं, कायदेशीर साधन असतं, म्हणून स्कॅनला ते सहसा खटकत नाही. त्यात कायमचा पासवर्ड ठेवला असेल तर काका जेवायला बसले असतानाही तो परत आत येऊ शकतो.

आधी इंटरनेट तोडा. मग पासवर्ड बदला, पण त्या पीसीवरून नाही, तुमच्या फोनवरून. पहिला ईमेलचा, कारण बाकी बहुतेक पासवर्ड त्यातूनच रिसेट होतात. तो पंधरा मिनिटं आत होता, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड त्याने पाहिले असंच धरून चाला. मी तर फोटो, कागदपत्रं बाहेर काढून विंडोज नव्याने घातलं असतं. नंतर काकांना रोजच्या वापरासाठी ॲडमिन नसलेलं, म्हणजे कॉम्प्युटरवर पूर्ण अधिकार नसलेलं खातं द्या आणि ब्राउझरमधल्या नोटिफिकेशनच्या परवानग्या काढा. ते भोंगा वाजवणारे इशारे बरेचदा तिथूनच येतात.

पैसे गेले नसले तरी बँकेला कळवा. गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, गोव्यातूनही तोच नंबर.

आणि काकांना रागावू नका हां. माझ्या आत्याने भीतीपोटी दोन दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं.